‘हवा सोडली जाईल’: पार्किंगच्या पाटीचं काय चुकतं

दर महिन्या-दोन महिन्यांनी पुण्यातल्या एखाद्या दुकानापुढच्या पाटीचा फोटो फोनाफोनी फिरतो. ‘येथे गाडी लावल्यास चारही चाकांतली हवा सोडली जाईल. पंप मागू नये.’ मग ठरलेले पक्ष पडतात. एकाला पाटी झकास वाटते, कारण ‘लोकांना हीच भाषा कळते’. दुसरा विचारतो, रस्ता काय याच्या मालकीचा आहे? तिसरा येतो तो भाषेचा प्रश्न घेऊन, पाटी मराठीत का नाही किंवा फक्त मराठीतच का. दोन दिवस हे चालतं आणि पुढच्या फोटोपर्यंत सगळे गप्प बसतात. या सगळ्यात दोन साधे प्रश्न कोणी विचारत नाही. पाटीवर जे लिहिलंय ते करायचा अधिकार लावणाऱ्याला आहे का? आणि गाडी वळवत आत येणाऱ्या माणसाला ती दोन-तीन सेकंदांत कळते का? माझं म्हणणं असं की व्यवसायाच्या वाहनतळावरची पाटी या दोनच कसोट्यांवर तपासावी. आपल्याकडच्या बहुतेक पाट्या दोन्हींत नापास होतात, आणि त्याचा तोटा सगळ्यात आधी पाटी लावणाऱ्यालाच होतो.

आधी समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेऊ. ‘जागा माझी, पाटी माझी. रस्त्यावरच्या पाट्यांचे नियम माझ्या आवारात कशाला?’ यात तथ्य आहे. इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी ६७ ही वाहतूक पाट्यांची संहिता रस्त्यांसाठी लिहिलेली आहे. मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम ११६ बोलतं तेही सार्वजनिक जागी आणि रस्त्यालगत लावायच्या वाहतूक चिन्हांबद्दल. फाटकाच्या आत, स्वतःच्या फरशीवर, कोणी पिवळ्या पाटीवर जांभळ्या अक्षरांत ‘कृपया गाडी सरळ लावा’ लिहिलं तर पोलीस येणार नाहीत. मान्य.

पण ‘माझी जागा’ म्हणजे नेमकी कुठपर्यंत? आपल्या शहरांतल्या दुकानांपुढे जी मोकळी पट्टी दिसते तिच्यात तीन वेगवेगळ्या जमिनी असू शकतात: दुकानाची फ्रंट मार्जिन (इमारतीपुढे मोकळी सोडावी लागणारी जागा), रस्तारुंदीत महापालिकेकडे गेलेली पट्टी आणि पदपथ. वरून एकच पेव्हर ब्लॉक बसवले की तिन्ही एकसारख्या दिसतात. रस्तारुंदीत जागा देऊन त्या बदल्यात वाढीव एफएसआय (जादा बांधकामाची परवानगी) किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) घेतलेला असतो, तरी पुढच्या पिढीला ती पट्टी आजोबांचीच वाटत राहते. तेव्हा पाटीवाल्याकडे जाण्याआधी इमारतीचा मंजूर नकाशा काढून त्यावरची हद्द टेपने जमिनीवर मोजून घ्यावी. त्या रेषेच्या बाहेर कलम ११६ चं राज्य सुरू होतं. तिथे राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली यंत्रणा सोडून कोणालाही वाहतूक चिन्ह उभारता येत नाही. जुन्या टायरमध्ये काँक्रीट ओतून, मधे पाइप रोवून केलेला ‘नो पार्किंग’चा स्टँड हद्दीबाहेर ठेवला की तो नियम दाखवत नाही, मोडतो. आणि गंमत अशी की बहुतेकदा त्या स्टँडची गरजच नसते. एखाद्या आवाराचं प्रवेशद्वार अडेल अशी गाडी उभी करायला वाहन चालवण्याच्या २०१७ च्या विनियमांनी आधीच मनाई केलेली आहे. फाटकासमोर पाटी असो वा नसो, तिथे लावलेली गाडी चुकीचीच. तिच्याविरुद्ध वाहतूक पोलिसांकडे तक्रार करता येते, आणि त्या तक्रारीत टायरच्या स्टँडची काही मदत होत नाही.

नकाशात आणखी एक गोष्ट दिसते. व्यापारी संकुलात पार्किंग बहुधा सगळ्या गाळ्यांचं मिळून दाखवलेलं असतं. तिथे एकाच गाळेधारकाने ‘फक्त आमच्या ग्राहकांसाठी’ अशी पाटी ठोकली, तर ती शेजाऱ्याच्या हक्कावर ठोकलेली असते. मोकळी आणि स्टिल्टखालची, म्हणजे इमारतीच्या खांबांमधली, पार्किंगची जागा बिल्डरला सुटी विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंद प्रकरणात सांगितलं. ते प्रकरण निवासी सदनिकांचं होतं हे खरं, पण गाळेधारकांनीही त्यावरून सावध व्हायला हवं. ‘बिल्डरने दिलीय’ एवढ्यावर राखीव पाटी लावू नये, कागदात काय आहे ते बघावं.

आता धमकीच्या पाट्या. ‘हवा सोडली जाईल’, ‘जॅमर लावला जाईल’, ‘गाडी उचलून नेली जाईल, दंड ₹२०००’. इंग्लंडमध्ये एकेकाळी शेताच्या कुंपणावर ‘घुसखोरांवर खटला भरला जाईल’ अशी पाटी सर्रास असे. नुसतं आत पाऊल टाकणं हा तिथे फौजदारी गुन्हा नव्हता, दिवाणी दावा करता आला असता एवढंच. म्हणून वकील मंडळी त्या पाटीला ‘लाकडावरचं खोटं’ म्हणत. आपल्या जॅमरच्या पाट्या त्याच वाणाच्या आहेत. मोटार वाहन कायद्याचं कलम १२७ सांगतं की बेवारस सोडलेली किंवा कायद्याने मनाई असलेल्या ठिकाणी लावलेली गाडी उचलायची किंवा तिच्या चाकाला जॅमर लावायचा अधिकार गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याच्या हातात आहे. दुकानाच्या वॉचमनच्या नाही. दंडाचंही तसंच. दंड सरकार आकारतं, दुकानदार फार तर शुल्क आकारू शकतो, आणि तेही आधी स्पष्ट सांगितलेलं असेल तर. हवा सोडणं तर उलट अंगाशी येऊ शकतं, कारण मुद्दाम दुसऱ्याच्या वस्तूची उपयुक्तता घालवणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ मधल्या आगळिकीच्या व्याख्येत बसू शकतं. त्यात स्वतःच पाटीवर आधी लिहून ठेवलेलं, म्हणजे हेतूचा पुरावा भिंतीवरच टांगलेला.

यावर उत्तर येतं, ‘अहो, करतं कोण? नुसती भीती घालायची.’ हा मुद्दाही हलका नाही. धमकीची पाटी पहिले काही दिवस चालते. पण रोज त्याच गल्लीत येणाऱ्याला आठवड्यात कळतं की कोणाचीही हवा गेलेली नाही. एकदा ते कळलं की त्या भिंतीवरची दुसरी कुठलीही पाटी, अगदी ‘अग्निशमन वाहनाचा मार्ग, थांबू नये’ हीसुद्धा, तो त्याच नजरेने वाचतो. हा खरा तोटा. जिथे खरोखर थांबायचं नाही तिथली पाटी जपायची असेल तर बाकीच्या भिंतीवर थापा असून चालत नाही.

दुसरी लोकप्रिय थाप म्हणजे ‘वाहने मालकाच्या जबाबदारीवर लावावीत. व्यवस्थापन कोणत्याही नुकसानीस जबाबदार राहणार नाही.’ हे वाक्य इतकं पाठ झालंय की पाटीवाला न विचारताच छापून देतो. ते किती टिकतं? १९९८ मध्ये दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात एका पाहुण्याने आपली मारुती झेन व्हॅलेच्या, म्हणजे गाडी लावून देणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, हाती दिली. ती चोरीला गेली. पार्किंगच्या टोकनवर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असं छापलेलं होतंच. २०१९ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गाडी ताब्यात घेतल्यावर स्वतःचा निष्काळजीपणा अशा छापील वाक्यामागे लपवता येणार नाही. पुरेशी काळजी घेतली होती हे हॉटेलने दाखवायचं. मुळाशी १८७२ चा करार कायदा आहे. चावी घेतली म्हणजे वस्तू सांभाळायला घेतली, आणि शहाणा माणूस स्वतःची वस्तू जितकी जपेल तितकी ती जपावी लागते.

जिथे चावी घेतली जात नाही, नुसती जागा दिली जाते, तिथे मालकाची बाजू बरीच मजबूत असते हेही खरं. पण तिथेही ‘कोणत्याही नुकसानीस’ हे शब्द फार काही कमवून देत नाहीत. त्याऐवजी जे खरं आहे ते लिहावं. ‘चावी कर्मचाऱ्याकडे देऊ नये. सीसीटीव्ही सुरू. रात्री ९:३० नंतर फाटक बंद.’ आणि खाली, खरोखर उचलला जाणारा, एक फोन नंबर. चावी देऊ नये असं लिहायचं आणि वॉचमनने मात्र गाड्या सरकवायला चाव्या गोळा करून खिळ्यावर टांगायच्या, असं असेल तर पाटी काढून टाकलेली बरी. खटल्यात त्या खिळ्याचाच फोटो पुढे येईल.

म्हणजे मग पाटीवर लिहायचं काय, आणि दिसायला ती कशी हवी? इथे रस्त्यावरची संहिता बंधनकारक नसली तरी तीच उचलणं शहाणपणाचं. कारण साधं आहे. आत येणारा चालक बाहेरच्या रस्त्यावरूनच येतो आणि त्याचा डोळा तिथेच तयार झालेला असतो. १९०९ मध्ये पॅरिसला मोटारींबद्दलचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, तेव्हा जेमतेम चार चिन्हं ठरली: उंचवटा, वळण, चौक आणि रेल्वे फाटक. चारही चित्रांत, कारण सीमा ओलांडून येणाऱ्याला समोरच्या देशाची भाषा येत नसे. पुढे १९६८ च्या व्हिएन्ना कराराने ही भाषा पसरली, आणि १९८० मध्ये भारत त्यात सामील झाला. वर्तुळ म्हणजे आदेश, त्रिकोण म्हणजे इशारा, निळा चौकोन किंवा आयत म्हणजे माहिती, एवढं आपल्या लायसन्सच्या परीक्षेतही विचारतात. मग दुकानाच्या दारात आल्यावर नवं व्याकरण कशाला?

बारकावा इथे आहे. आपल्याकडचं अधिकृत ‘नो पार्किंग’ म्हणजे निळं वर्तुळ, लाल कडा आणि एक लाल तिरकी पट्टी. ‘थांबूही नये’ म्हणजे तेच वर्तुळ, पण दोन लाल पट्ट्यांची फुली. हा फरक बहुतेक व्यावसायिकांना माहीतच नसतो, आणि व्यवहारात तोच महत्त्वाचा असतो. ग्राहकाला उतरवून लगेच निघणारी गाडी चालत असेल तर एक पट्टी. अग्निशमन गाडीचा मार्ग, रॅम्पचं तोंड, रुग्णवाहिकेची जागा इथे फुली. हार्डवेअरच्या दुकानात मात्र सगळीकडे एकच माल मिळतो, पांढऱ्या चौकोनावर इंग्रजी पी आणि त्यावर लाल रेघ. त्यात हा भेद दाखवायची सोयच नाही.

आणि फ्लेक्सवर छापलं तर काय होतं ते एप्रिल-मे नंतर कोणत्याही पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीवर बघा. उन्हात लाल आधी उडतो, निळा टिकतो. दोन उन्हाळ्यांत लाल कडा गुलाबी होते, पट्टी जवळपास पुसली जाते आणि उरतो निळा गोल. पी वाल्या पाटीत तर पट्टी गेली की उरतो नुसता पी, म्हणजे ‘इथे लावा’. मनाई करणारी पाटी आमंत्रण देऊ लागते, तेही मालकाच्या पैशाने.

त्यामुळे ऑर्डर देताना ‘चांगल्या क्वालिटीची’ असं मोघम सांगू नये. ६०० मिमीपर्यंतच्या पाटीला १.५ मिमी जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा, त्याहून मोठीला २ मिमी. त्यावर परावर्तक शीट, आणि तिचा प्रकार बिलावर लिहून घ्यायचा. इंजिनिअरिंग ग्रेड म्हणजे खालचा दर्जा, हाय इंटेन्सिटी प्रिझमॅटिक वरचा. उघड्यावरच्या फाटकाला वरचाच घ्यावा, आतल्या भिंतीला खालचा चालतो. शीट परावर्तक आणि त्यावरची छपाई मात्र साध्या इंकची, ही फसवणूक सर्रास होते. दिवसा पाटी नवी दिसते, रात्री हेडलाइट पडला की पार्श्वभूमी चमकते आणि लाल पट्टी काळी पडते. ताब्यात घेण्याआधी अंधारात, मोबाइलची बॅटरी डोळ्याच्या पातळीला धरून, पाच-सात मीटरवरून एकदा बघावं. एका मिनिटात कळतं. तळघरात उलटं होतं. तिथे ट्यूब सतत चालू असतात आणि चकचकीत लॅमिनेशनवर त्यांचा उजेड उमटतो, म्हणून तिथे मॅट.

खांबाबद्दल थोडक्यात: साठेक मिमीचा जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप, खाली आडवी सळी जोडून ४५० बाय ४५० बाय ६०० मिमीच्या काँक्रीटमध्ये. आडवी सळी नसली की पहिल्याच वादळी पावसात पाटी फिरते आणि शेजारच्या दुकानाला नियम सांगू लागते. पत्रा खांबाला दोन क्लॅम्पने धरावा. माणसं खालून चालत असतील तर खालची कड जमिनीपासून २.१ मीटरच्या खाली नको. रिव्हर्स घेणाऱ्या गाडीचा मागचा भाग चाकाच्या पुढे पाऊण-एक मीटर जातो, म्हणून खांब चाकाच्या अडणीपासून तेवढा मागे. झाडाला खिळा ठोकून पाटी लावायचा विचार असेल तर तो सोडूनच द्यावा.

आता भाषा, कारण भांडण सगळ्यात जास्त तिथेच होतं. २०२२ च्या दुरुस्तीने दुकानांचा नामफलक देवनागरी मराठीत, आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत, असणं महाराष्ट्रात सर्वच आस्थापनांना लागू झालं. २०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. ही तरतूद नामफलकाची आहे, पार्किंगच्या पाटीची नाही, असं बोट ठेवणारे बरोबर आहेत. पण आवारात शिरणारा डिलिव्हरीवाला, टेम्पोवाला, रिक्षावाला कोणती लिपी वाचतो, हे सांगायला कायदा कशाला लागतो? मराठी हवीच. वाद करायचाच तर मराठी कोणती यावर करावा. ‘सदर आवारात अनधिकृतरीत्या वाहने उभी करण्यास सक्त मनाई करण्यात येत आहे’ ही मराठी लिपीने मराठी, पण चालत्या गाडीतून वाचायची नाही.

हिशेब करून बघू. आवारात गाडी ताशी २० किमीने आली तर सेकंदाला साडेपाच मीटर जाते. वाचायला तीन सेकंद मिळाले तर पाटी साधारण सतरा मीटरवरून वाचता आली पाहिजे. ढोबळ नियम असा की दर तीन मीटर अंतराला एक सेंटिमीटर अक्षराची उंची. म्हणजे साडेपाच-सहा सेंटिमीटर. आणि इथे देवनागरीची गोची येते. पाटीवाला संगणकावर इंग्रजी आणि मराठी एकाच पॉइंटमध्ये टाकतो. इंग्रजी मोठी अक्षरं ती सगळी उंची वापरतात. देवनागरीत त्याच मापात वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार बसवायचा असतो, त्यामुळे शिरोरेघेपासून तळापर्यंतचा भाग, जो आपण खरं वाचतो, तो बारीक होतो. म्हणजे कागदावर आकार सारखे आणि डोळ्याला मराठी लहान. सहा सेंटिमीटर मोजायचे ते शिरोरेघेपासून अक्षराच्या बुडापर्यंत, वेलांटीच्या टोकापासून नव्हे. शिवाय फार ठसठशीत फाँट घेतला की ‘ग्राहकांसाठी’मधला ग्र आणि ‘दिव्यांग’मधला व्य भरून जातात, दुरून नुसता डाग दिसतो. मध्यम जाडी आणि ओळींमध्ये सढळ जागा घ्यावी.

एवढ्या उंचीच्या अक्षरांत एका ओळीत पाच-सहा शब्दच बसतात. ती अडचण नाही, सोय आहे. ‘पार्किंग फक्त ग्राहकांसाठी’ ही पहिली ओळ. ‘सकाळी १० ते रात्री ९’ दुसरी. ‘जास्तीत जास्त २ तास’ तिसरी. ‘वाहनतळ’ हा शब्द छान आहे, लेखात मीही वापरतोय, पण पाटीवर ‘पार्किंग’ लवकर वाचलं जातं. बाकीचे नियम, शुल्क आणि फोन नंबर असलेली दुसरी, लहान पाटी गाडी लावून माणूस पायी जिथून जातो तिथे लावावी. दोन्ही काम एकाच फलकावर करायला गेलं की दोन्ही बिघडतात. जाता जाता, पुण्यात तळघरांना पी-१, पी-२ अशी नावं रस्त्यावरून दिसतील अशी देऊ नयेत. या शहरात पी-१, पी-२ म्हणजे सम-विषम तारखांचं पार्किंग. नवखा चालक दारातच थबकतो, आज तारीख कोणती म्हणून. ‘तळघर १’ लिहावं.

दुचाकींचं वेगळं सांगायला हवं, कारण पाट्यांवर त्यांचा विचारच नसतो. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत एका मोटारीची जागा २.५ बाय ५ मीटर धरलेली आहे, दुचाकीची १ बाय २. पाच मीटरच्या बाजूला लावल्या तर मोटारीच्या एका खणात पाच दुचाकी नीट बसतात. पाटी नसेल तर एकच स्कूटर मधोमध लागते आणि मोटारीचा खण दिवसभर जातो. नियम लिहिण्याआधी जागा आखा, मग पाटी त्या आखणीकडे बाण दाखवेल इतकीच. आखणी नसताना लावलेल्या ‘गाड्या शिस्तीत लावा’ला काही अर्थ नाही. शिस्त म्हणजे कुठली रेघ?

उंचीची पाटी हा चुकायचा दुसरा अड्डा. नकाशातला आकडा तिच्यावर कधीच लिहू नये. रॅम्पवर, तुळईखाली आणि स्प्रिंकलरच्या सगळ्यात खालच्या पाइपखाली मोजावं, त्यातला लहान आकडा घ्यावा आणि आणखी दहा सेंटिमीटर कमी लिहावेत. रॅम्प संपतो तिथे लांब गाडीची पुढची चाकं वर किंवा खाली असताना टपाचा मधला भाग अपेक्षेपेक्षा उंच जातो. वरच्या कॅरिअरवर सामान असतं ते वेगळंच. आणि पाटी अडथळ्यापाशी नको, परत फिरता येईल अशा जागी हवी. रॅम्पच्या मध्यात कळून उपयोग काय?

आता ज्या पाटीबद्दल सवलत द्यायला मी तयार नाही ती म्हणजे दिव्यांगांच्या राखीव जागेची. ‘महिन्यातून एकदाही असा ग्राहक येत नाही, जागा वाया जाते’ हा युक्तिवाद नेहमीचा, आणि लहान दुकानदाराच्या तोंडी तो प्रामाणिकही असतो. पण उलट विचारून बघा. पायऱ्या, बारीक जागा आणि अडवलेला रॅम्प असलेल्या दुकानात व्हीलचेअर वापरणारा माणूस येईल कसा? जिथे जिना आहे तिथे व्हीलचेअर दिसत नाही, यावरून व्हीलचेअरची गरज नाही असा निष्कर्ष काढायचा का? दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये आला. त्यातली आस्थापना म्हणजे फक्त सरकारी कचेरी नव्हे. खासगी आस्थापनाही त्यात येते, आणि तरतूद मोडली तर पहिल्या वेळी ₹१०,००० पर्यंत, पुढे ₹५०,००० ते ₹५ लाख असा दंड कलम ८९ मध्ये आहे. २०२४ च्या ८ नोव्हेंबरला राजीव रातुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष नुसते शिफारसवजा ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि टाळता न येणारे किमान निकष वेगळे काढायला केंद्राला तीन महिने दिले. वारं कुठल्या दिशेने आहे ते यातून दिसतं.

मापं गुंतागुंतीची नाहीत. प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत, ३.६ मीटर रुंद आणि ५ मीटर लांब. यातले २.४ मीटर गाडीचे आणि १.२ मीटर दार पूर्ण उघडून व्हीलचेअर उतरवायची पट्टी. या पट्टीवर तिरक्या रेघा मारायच्या, कारण रिकामी दिसली की तिथे हमखास स्कूटर येते, आणि मग मोटारीची जागा मोकळी असूनही माणूस गाडीतून उतरू शकत नाही. जमिनीवर व्हीलचेअरचं चिन्ह रंगवलं की काम झालं असं समजतात. पण त्यावर गाडी उभी राहिली की ते गाडीखाली जातं. म्हणून समोर खांबावर किंवा भिंतीवर उभी पाटी हवीच, आणि ती उंच एसयूव्हीच्या बोनेटमागे झाकली जाणार नाही इतकी वर. ते चिन्ह १९६८ मध्ये डेन्मार्कच्या सुसाने कोफोड या विद्यार्थिनीने काढलं. तिच्या चित्रात फक्त खुर्ची होती, बसणाऱ्याचं डोकं नंतर जोडलं गेलं. आपल्याकडचे काही पाटीवाले ते डोकं पुन्हा कापतात, कडेला जागा पुरत नाही म्हणून. निळ्यावर पांढरं चिन्ह, चेहरा उजवीकडे, खाली ‘दिव्यांग व्यक्तींसाठी राखीव’, आणि जागा वळणावर असेल तर आधीच्या वळणापासून बाण. एवढं पुरतं.

शेवटचा आक्षेप खर्चाचा. फ्लेक्स स्वस्त आहे, पत्रा आणि परावर्तक शीट त्याच्या कितीतरी पट महाग, यात दुमत नाही. छोट्या दुकानदाराने सगळ्या पाट्या एकदम बदलाव्यात असं कोणी म्हणू नये. पण पाट्यांची संख्या मोजा. एका मध्यम आवाराच्या भिंतीवर ‘नो पार्किंग’च्या सहा-सात फ्लेक्स सहज निघतात, एक फाटली की तिच्याशेजारी दुसरी. लागतात किती? दारात एक नियमांची, जिथे खरोखर थांबायचं नाही तिथे एक फुलीची, एक दिव्यांगांच्या जागेची, तळघर असेल तर एक उंचीची. चार, पायी जाणाऱ्यासाठीची लहान पाटी सोडून. त्यातलीही आधी फुलीची आणि दिव्यांगांची करावी, कारण त्या दोन चुकल्या तर अडकतो तो माणूस, गाडी नव्हे. बाकी दोन पुढच्या दिवाळीच्या रंगकामात.

आणि बसवून झाल्यावर मालकाने एक करावं. रात्री आठच्या गर्दीत, बाहेरच्या रस्त्यावरून, स्वतः गाडी चालवत आपल्याच दारात यावं. वॉचमनने हात दाखवायचा नाही. पहिल्या फेरीत चुकीच्या खणात गेलात, तर पाटी कुठे हलवायची ते गाडीतूनच दिसेल.